सूट नमाजला आहे, अमानतीला नाही

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



बळ असताना आणि बळ नसताना अल्लाहशी प्रामाणिक कसं राहायचं, असा विषय मला दिला आहे. मी आलिम नाही. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, शनिवार-रविवारी जमेल तसं आपल्या कामात असतो. त्यामुळे फिकहच्या बारकाव्यांत कुठे चुकलो तर इथे बसलेल्या मौलाना साहेबांनी नंतर चहाच्या वेळी माझा कान धरावा, माइकवर नको.

सुरुवात माझ्या दादीपासून करतो. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गल्लीतल्या बारा बायकांची भिशी तिच्याकडे होती. महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये. त्या बारांत आमच्या चार, बाकी मराठा, सुतार, गुरव, सगळ्या. हिशेब चिंचोक्यांवर. ज्या बाईचा नंबर लागून गेला तिचा चिंचोका एका डबीतून दुसऱ्या डबीत जायचा. कुठला चिंचोका कोणाचा, हे तिला कसं कळायचं ते मला इंजिनिअर होऊनही कळलेलं नाही.

दादीची नमाज मी तीन रूपांत पाहिली. मी लहान असताना ती उभी राहून पढायची, म्हशीची धार काढून झाली की फजर. मग गुडघे गेले, तेव्हा खुर्चीवर बसून. शेवटी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या, डोळ्यांच्या इशाऱ्यावर. अब्बा म्हणायचे, एवढ्यावर भागतं, अल्लाहने सूट दिली आहे.

त्या आजारपणातली एक संध्याकाळ. ती सारखी कपाटाकडे डावा हात करत होती. आम्ही पाणी दिलं, गोळी दिली, उशी बदलली. ती रडायला लागली. शेवटी अम्मीच्या लक्षात आलं आणि तिने भिशीचा पितळी डबा काढून समोर ठेवला. त्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या सुतारकाकींचा नंबर होता आणि तारीख उलटून चार दिवस झाले होते. मी तेव्हा बारावीत होतो. मला डबा घेऊन पळवलं. परत येऊन ‘दिले’ म्हणालो तेव्हा ती शांत झाली. मग मगरिबची वेळ झाली होती, आणि तिने डोळ्यांनी नमाज पढली.

हा प्रसंग मला बरीच वर्षं फक्त गोड आठवण वाटायचा. त्यात एक मसला आहे, हे फार उशिरा लक्षात आलं.

आपल्या दीनमध्ये अशक्त माणसाला किती सवलती आहेत बघा. उभं राहता येत नाही, बसून पढा. बसता येत नाही, पडून पढा. प्रवासात चार रकातीच्या दोन. आजारी असाल तर रोजा नंतर ठेवा, अगदीच थकलेल्या माणसाने त्याऐवजी गरिबाला जेवू घालावं. हज ज्याला झेपेल त्याच्यावरच. जकात ज्याच्याकडे साडेबावन्न तोळे चांदीइतकी शिल्लक वर्षभर राहिली त्याच्यावर, बाकीच्यांवर नाही. लढाईच्या भीतीतसुद्धा नमाजची वेगळी रीत सूरह निसामध्ये आहे. निम्म्यांनी पढायचं, निम्म्यांनी राखण करायची. माणूस दुबळा होणार, हे धरूनच सगळं मांडलेलं आहे.

आता मला सांगा, अमानतीत अशी सवलत कुठे आहे? अशक्त आहात, निम्मीच ठेव परत करा, असं कुठे आहे? आजारी आहात, थोडी खोटी साक्ष चालेल, असं? मी शोधलं, जाणकारांना विचारलं. जीव जात असेल तर हराम खाण्याचीही मुभा आहे. पण मी दुबळा आहे म्हणून दुसऱ्याचा हक्क बुडाला तरी चालेल, ही मुभा मला कोणी दाखवली नाही. खरोखरच हातात काही नसलेल्या कर्जदाराला मुदत मिळते. कर्ज मिटत नाही.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, कंटाळा आला तर सोडून द्या. ॲपवर एकदम गर्दी झाली, सर्व्हर दमला, की आम्ही काही गोष्टी मुद्दाम बंद करतो. फोटो उशिरा येतील, शिफारशी दिसणार नाहीत, रंगरूप साधं होईल. पण पैशांच्या व्यवहाराची नोंद चुकू द्यायची नाही, मग बाकी सगळं बंद पडलं तरी बेहत्तर. दमलेल्या अवस्थेत काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, हे आधीच ठरलेलं असतं. दादीने नेमकं हेच केलं. उभं राहणं सोडलं, बसणं सोडलं, बोलणं सोडलं. डबा सोडला नाही.

सीरतमधले दोन प्रसंग आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, पण मी ते एकापुढे एक ठेवून कधी पाहिले नव्हते. पहिला हिजरतच्या रात्रीचा, इसवी सन ६२२. मक्केतली तेरा वर्षं दुबळेपणाची, त्यातली ही शेवटची रात्र. बाहेर मारेकरी. आणि हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्याकडे मक्केच्या लोकांच्या ठेवी होत्या. त्यांच्याशी वैर करणाऱ्यांचाच तो गाव, पण ठेवायला विश्वासाचा माणूस दुसरा नव्हता. या परिस्थितीत त्या ठेवी बरोबर नेल्या असत्या तर कोणी काय म्हटलं असतं? उलट मुसलमानांची घरंदारं मक्केत राहिली होती, वळते करून घ्या म्हणायला चांगलं कारण होतं. त्यांनी हजरत अलींना मागे ठेवलं, ज्याची ठेव त्याला पोचती करायला.

दुसरा प्रसंग आठ वर्षांनंतरचा, ६३०. मक्का हातात आलेली. आता बळच बळ. काब्याची किल्ली उस्मान बिन तलहा यांच्या घराण्याकडे असायची. ती मागून घेतली, दार उघडलं, आणि मग घरच्या माणसांनाही ती किल्ली हवी असताना, पुन्हा उस्मान यांच्याच हातात दिली. दुबळेपणी ठेवी परत, बळ आल्यावर किल्ली परत. मधे सगळं जग बदललं होतं.

आता इकडे येऊ, कृष्णेकडे. नदी साताऱ्याची, महाबळेश्वरला उगवते, कराडला तिला कोयना मिळते, आणि पुढे सांगली. आपण दोन जिल्हे एका बैठकीला बसलो आहोत, त्याला हीसुद्धा एक जोडणी आहे. वर कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण, आणि खाली हरिपूर-भिलवडीची घरं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली, ते तर आमच्या शेजारचंच गाव. आणि १२ ऑगस्टला बकरी ईद होती.

त्या ईदला अनेक ठिकाणी लोकांनी सण साधा केला आणि खर्च पूरग्रस्तांकडे वळवला. त्याचं कौतुक खूप झालं, व्हॉट्सॲपवर फोटो फिरले. मी त्याबद्दल फार बोलणार नाही. मला आठवतो तो ईदनंतरच्या आठवड्यातला एक वाद. आम्ही काही पोरं पुण्याहून टेम्पो भरून घेऊन आलो होतो. साहित्य कमी, गावं जास्त. आमच्यातलाच एक जण म्हणाला, पैसे आपल्या लोकांनी दिले आहेत, आधी आपल्या मोहल्ल्यात वाटू, आपल्याकडे दुसरं कोण बघतं? त्याचं दुःख खोटं नव्हतं. त्याच्या मामाचं घर गेलं होतं. पण देणाऱ्यांनी ‘पूरग्रस्तांसाठी’ म्हणून दिलं होतं. ती अमानत होती, आणि तिच्यावर पत्ता लिहिलेला होता.

शेवटी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेवरून यादी केली. ज्या घरात खूण छातीच्या वर, तिथे आधी. मोहल्ल्यातली निम्मी घरं त्यात आली, निम्मी नाही आली. तो मित्र त्या दिवशी जेवला नाही. पण सगळ्यात जास्त पोती त्यानेच उतरवली.

मिरजेहून आलेले लोक माझ्याकडे बघताहेत, की आमचं नाव कसं आलं नाही. येतं. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहता. बाहेरच्यांना सांगितलं की ते दोनदा विचारतात. ज्याला गावाने शेवटी उभं केलं त्याला दर्ग्याने पहिलं उभं केलं, आणि मग तो मान कोणी काढून घेतला नाही.

त्याच दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ दफन आहेत. त्यांच्याबद्दल आपण शेवट सांगतो: १९३७ चा ऑक्टोबर, मद्रासकडचा प्रवास, तब्येत बिघडली म्हणून एका लहान स्टेशनवर उतरले, फलाटावर अंथरूण घालून नमाज पढले, दरबारीत अल्लाहचं नाव घेतलं आणि गेले. हा शेवट सुंदर आहेच. पण मला त्यांचं बळाच्या दिवसांतलं वागणं जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या काळात घराण्याची विद्या घरातच राखण्याची रीत होती, त्या काळात त्यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं आणि घराबाहेरच्यांना शिकवलं. कुंदगोळचे सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. आलेली विद्या ही ठेव आहे, पुढे द्यायची आहे, असं मानणाऱ्यालाच फलाटावर तशी शांत झोप येत असेल. हे माझं मत, संगीतातल्या लोकांनी मला माफ करावं.

इथपर्यंत बोलणं सोपं होतं.

१० सप्टेंबर २०२३ ची रात्र इथल्या कोणाला सांगायला नको. खटाव तालुक्यात पुसेसावळी. मशिदीवर जमाव चालून गेला, एका तरुणाचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. इंटरनेट बंद होतं, गावाकडची खबर लागत नव्हती. मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आपण दुबळे आहोत म्हणजे काय ते पोटात कळलं.

माझ्या टीममध्ये एक मुलगा होता, खटावकडचाच, मराठा. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा मेसेज आला, ‘भावा, घरचे सगळे ठीक ना?’ मी उत्तर दिलं नाही. आठ दिवस कामापुरतं बोललो. त्याने काय केलं होतं? काही नाही. पण त्याचं आडनाव बघितलं की माझ्या मनात ती रात्र यायची.

त्याच पंधरवड्यात मला टीममधल्या सगळ्यांच्या कामाचे अभिप्राय लिहायचे होते. पगारवाढ त्यावर ठरते. मी त्याचा अभिप्राय लिहिला. खोटं एक अक्षर नाही लिहिलं. फक्त दोन गोष्टी लिहायच्या राहू दिल्या. एकदा मध्यरात्री त्याने कोसळलेली सिस्टीम एकट्याने उभी केली होती ती, आणि नव्या मुलींना त्याने कसं सांभाळून घेतलं होतं ते. राहू दिल्या, म्हणजे मला आठवत होत्या आणि मी लिहिल्या नाहीत.

रात्री इशा पढताना सुचलं की आज दुबळा कोण होता? समाज म्हणून मी दुबळा होतो, खरं आहे. पण त्या खुर्चीत मी बलवान होतो आणि तो पोरगा माझ्या हातात होता. एखाद्या कौमच्या वैरापायी न्याय सोडू नका, असा हुकूम सूरह माइदामध्ये आहे. तो मी लहानपणी पाठ केला होता, आणि मला कायम वाटायचं की तो बादशहांसाठी आहे, काझींसाठी आहे. पंधरा ओळींचा फॉर्म भरणाऱ्या टीम लीडसाठी असेल असं वाटलं नव्हतं.

फॉर्म परत उघडला, दोन्ही गोष्टी लिहिल्या. त्याला मात्र हे सांगायचं धाडस मला झालेलं नाही. आज सांगतोय, आणि हे छापून आलं तर त्याला दुवा पाठवीन.

गैरसमज नको. न्याय मागणं सोडा, असं मी म्हणत नाही. पुसेसावळीचा न्याय कोर्टात, कायद्याने, शेवटपर्यंत मागायचा. जो गेला त्याच्या हक्काची ती अमानत आपल्यावर आहे, आणि थकलो म्हणून ती खाली ठेवता येणार नाही. पण मागणाऱ्याचे हात त्याच वेळी दुसऱ्याचं काही दाबून बसलेले नसावेत.

आता माझ्याबद्दलचं शेवटचं, आणि हे सांगायचं की नाही यावर काल रात्री बायकोशी तासभर बोललो.

अब्बा गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा, चांगला पगार, हातात नवी गाडी. गावाकडे दोन एकर ऊस. वारस तिघं: अम्मी, मी आणि माझी मोठी बहीण. वारसनोंद झाली आणि महिन्याभरात आपाने हक्कसोडपत्रावर सही केली. मी मागितली नाही. कोणी मागत नसतं, सगळ्यांना माहीत असतं. ती म्हणाली, माहेर तुटायला नको. सरकारी शुल्क नाममात्र. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो.

२०२४ च्या सुरुवातीला माझी नोकरी गेली. कंपनीने बऱ्याच जणांना काढलं, त्यात मी. सात महिने घरी होतो. घराचा हप्ता, मुलाची फी. या सात महिन्यांत माझी एकही नमाज चुकली नाही. तहज्जुदलासुद्धा उठायचो, आणि खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटायचा की संकटाने मला चांगला मुसलमान केलं. तिसऱ्या महिन्यात आपाची भिशी लागली, चाळीस हजार. ती शिवणकाम करते, दाजींचं छोटं दुकान आहे. तिने ते चाळीस हजार माझ्या खात्यावर टाकले आणि फोन करून म्हणाली, घरात बोलू नकोस.

सात महिने मी सजद्यात रडलो, पण सातबारा एकदाही कपाटातून काढला नाही.

नोकरी परत लागली, फजर सुटायला लागली, ते तर ठरलेलंच. पैसे आपाला परत केले. ते करताना दादीचा डबा आठवला आणि मग झोप लागेना. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. अम्मीचा आठवा हिस्सा दहा गुंठे. उरलेल्या सत्तरात भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक. आपाचे तेवीस गुंठे आणि वर थोडी. आपल्या चळवळीत बरेच जण म्हणतात की आजच्या काळात मुलीला निम्मं नको, बरोबरीचं द्या. मलाही ते पटतं. पण तो वाद घालायचा हक्क मला कधी आहे? निम्मं दिलं असेल तेव्हा ना? शरीयतवर आच आली की आपण मोर्चा काढतो. १९३७ च्या शरीयत कायद्याच्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे, हे त्या मोर्चात किती जणांना ठाऊक असतं? आणि ठाऊक असलं तर किती जणांना ते सोयीचं वाटतं?

बाहेर आपण दुबळे आहोत. घरात आपण प्रत्येक जण कोणाचा तरी सुलतान आहोत. बहिणीचा हिस्सा, बायकोची मेहर, कामाला येणाऱ्या मावशीचा पगार, हे सगळं आपल्या राज्यातलं आहे, तिथे कुठलंही सरकार आड येत नाही.

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, नोंदलेलं हक्कसोडपत्र सहज मागे फिरत नाही. आता तुम्हाला बहिणीच्या नावे बक्षीसपत्र करावं लागेल, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागेल, मुद्रांक शुल्क बाजारभावावर, मग फेरफार. मी म्हटलं, घेताना नाममात्र आणि देताना बाजारभावावर? ते हसले. म्हणाले, साहेब, देणारे फार येत नाहीत.

आपा अजून ‘हो’ म्हणालेली नाही. दाजींना काय वाटेल, गावात काय बोलतील, तुझ्या मुलाचं काय, असं बरंच चाललंय तिचं. मागच्या रविवारी शेवटी एवढं म्हणाली की बक्षीस नको, बक्षीस कसलं, माझंच आहे ना ते? मी म्हटलं, हो, कागदावर नाव तसं आहे, कायद्याचा शब्द आहे. मग ती बराच वेळ गप्प बसली आणि विचारलं, मोजणी कधी आहे?

मोजणीचा अर्ज मी परवा भरणार आहे.